रसवंतीची गाडी आणि गोदाकाकू : सामूहिक चित्रपट्टीसाठी पात्र आणि वाहन कसं रचावं

वीस विद्यार्थी, वीस ए-थ्री कागद. प्रत्येक कागदावर एक पात्र आणि त्याचं वाहन. सगळे कागद शेजारी शेजारी लावले की 8.4 मीटर लांबीची एक मिरवणूक तयार होते. कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की सोसायटीचा गणेशोत्सव, हा उपक्रम कुठेही करता येतो आणि पहिल्या दिवशी सगळ्यांना सोपा वाटतो. अडचण दिसते ती भिंतीवर लावताना. एकेकटं चित्र चांगलं असतं. पण एकाची सायकल दुसऱ्याच्या ट्रकपेक्षा मोठी, एकाचा प्रकाश डावीकडून, दुसऱ्याचा समोरून, आणि निम्मी मंडळी उलट्या दिशेला निघालेली.

दुसरी अडचण प्रत्येक चित्राच्या आतली असते. पात्र एका दिवशी काढलेलं, गाडी दुसऱ्या दिवशी, आणि मग पात्र उचलून गाडीत ठेवलेलं. ते बसल्यासारखं दिसत नाही, चिकटवल्यासारखं दिसतं. माझं ठाम मत आहे की पात्र आणि वाहन ही दोन कामं नाहीत. रचना बैठकीपासून सुरू करायची. माणूस कुठे टेकतो, काय धरतो, पाय कशावर ठेवतो, हे आधी ठरवायचं, मग एकीकडे अंग वाढवायचं आणि दुसरीकडे गाडी. हे नुसतं बोलून पटत नाही, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत नेतो: चालतं-फिरतं रसवंतीगृह आणि ते चालवणाऱ्या गोदाकाकू.

आधी सगळ्यांचे नियम

पेन्सिल उचलण्यापूर्वी गटाने एका पानावर हे ठरवून घ्यावं.

कागद ए-थ्री आडवा. डिजिटल काम असेल तर 300 डीपीआयला (एका इंचात 300 ठिपके) 4961 गुणिले 3508 पिक्सेल. माप एकच: एक मीटर म्हणजे 1000 पिक्सेल. एवढा एक नियम पाळला तरी प्रमाणाचे निम्मे वाद संपतात. माणूस 1600, सायकलची लांबी साधारण 1800, रिक्षाची उंची 1700. कागदावर काम करणाऱ्यांनी एक मीटर म्हणजे साडेआठ सेंटिमीटर धरावेत, दोन्ही मापं जुळतात.

जमिनीची रेषा खालच्या कडेपासून 600 पिक्सेलवर. आपल्या बाजूची चाकं या रेषेवर टेकतील. जमिनीपासून 2500 च्या वर काही जाणार नाही, झेंडा किंवा धूर असला तरी नाही. डाव्या-उजव्या कडेला 350 पिक्सेल मोकळे.

दिशा: सगळी वाहनं डावीकडून उजवीकडे. याला कारण आहे. उजवीकडे जाणाऱ्या गाडीची उजवी बाजू आपल्याला दिसते. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं, म्हणजे जीप, टेम्पो, ट्रक यांचा चालक प्रेक्षकाच्या जवळ येतो. सायकलची साखळीही उजव्याच बाजूला असते, तीही दिसते. मिरवणूक डावीकडे वळवली की प्रत्येक चालक पलीकडच्या बाजूला जातो आणि पात्राचा अर्धा भाग दारामागे लपतो.

पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे खोली दाखवायची पद्धत, कुठली घ्यायची हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा, आणि बहुतेक गट तो घेतच नाहीत. साडेआठ मीटरच्या पट्टीला एकच व्हॅनिशिंग पॉइंट (खोलीच्या सगळ्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू) दिला तर टोकाची चित्रं ताणली जातात. प्रत्येकाने स्वतःचा घेतला तर दर 42 सेंटिमीटरला जमीन मोडते. अशा पट्टीला कॅबिनेट ऑब्लिक ही तिरकस रेखनाची पद्धत सर्वांत सोयीची. गाडीची आपल्याकडची बाजू खऱ्या मापाने काढायची. खोलीच्या सगळ्या रेषा उजवीकडे वर 30 अंशांत न्यायच्या आणि त्यांची लांबी निम्मी करायची. व्हॅनिशिंग पॉइंट नाही, क्षितिज नाही, त्यामुळे कुठलंही चित्र कुठल्याही चित्राशेजारी बसतं. आणि सर्वांत मोठा फायदा म्हणजे आपल्या बाजूची सगळी चाकं शुद्ध वर्तुळं राहतात, कंपासने काढता येतात. चाकांची लंबवर्तुळं बिघडल्यामुळे जेवढी वाहनचित्रं फसतात तेवढी दुसऱ्या कशानेही फसत नसतील.

प्रकाश उजवीकडून वरून. गाडीचं तोंड उजवीकडे आहे, म्हणून तोंड उजळ राहतं. छत आणि वरचे पृष्ठभाग सर्वांत उजळ, पुढचा भाग त्याखालोखाल, आपल्याकडची बाजू सर्वांत गडद. ही बाजू फार काळवंडू देऊ नका, सगळा तपशील तिथेच असतो. सावलीचा मल्टिप्लाय लेअर (खालचा रंग गडद करणारा थर) 30 ते 35 टक्क्यांवर पुरतो. जमिनीवरची सावली मागे, म्हणजे डावीकडे पडेल. तिची लांबी 300 पिक्सेलच्या आत, नाहीतर ती मागच्याच्या चित्रात घुसते.

कोण काय काढणार

मोकळं सोडलं तर वीसपैकी सात-आठ जण रिक्षा काढतात. म्हणून यादी आधी. वाहनांचे तीन गट पाडा: लहान (सायकल, लुना, हातगाडी), मध्यम (रिक्षा, बैलगाडी, जीप), मोठी (ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली, बस). दोन मोठी शेजारी नकोत, तीन लहान सलग नकोत. मग वीस चौकोन ओळीने काढून प्रत्येकात फक्त उंचीचा काळा ठोकळा भरा. पट्टीचा वरचा काठ चढता-उतरता दिसला पाहिजे. तो सपाट दिसला तर क्रम बदला; आत्ता अर्धा तास लागतो, रंगकाम झाल्यावर काहीच बदलता येत नाही.

वाहन निवडताना खऱ्या वाहनाचा आकार तसा का झाला ते बघून घ्यावं. व्हेस्पा स्कूटर 1946 ची. तिच्याच पुढच्या भागावर मागे दोन चाकं आणि हौदा बसवून इटलीच्या पियाजिओ कंपनीने 1948 मध्ये 'आपे' ही तीनचाकी काढली. आपल्या तीनचाकीला गोल स्टिअरिंगऐवजी हँडल का आणि चालक मधोमध का, याचं उत्तर तिथे आहे. आणि जुन्या पुणेकरांना आठवणारी डुक्कर रिक्षा? तिचं मूळ हॅम्बुर्गच्या कंपनीची टेम्पो हॅन्सीट. इथे ती बजाज टेम्पोने बनवली. तिचं इंजिन पुढच्या चाकावर बसवलेलं, चाल पुढच्याच चाकाला, म्हणून ते लांब नाकाड. आकारामागचं यंत्र कळलं की तो वाढवायचा कुठे आणि आखडायचा कुठे, हे आपोआप कळतं. नाक मोठं करा, ती जास्तच डुक्कर रिक्षा वाटेल. नाक कापा, ओळखच जाते.

गोदाकाकू

पात्राची सुरुवात चेहऱ्यापासून करू नका. कामापासून करा. काम, मग हत्यार, मग त्या कामाने घडलेलं अंग, मग कपडे, चेहरा सर्वांत शेवटी.

रसवंतीचं काम बघा. उसाची मोळी उचलायची, कांडी चरकात घालायची, बाहेर आलेलं चिपाड दुमडून त्यात लिंबू-आलं ठेवून पुन्हा घालायचं, खाली पातेल्यात उतरलेला रस गाळायचा, बर्फ, ग्लास, पैसे. खांदे आणि दंड भरलेले, मनगट जाड. उभं राहून काम, म्हणून पाय फाकलेले, बूड जड. म्हणजे मूळ आकार खाली रुंद: तळाशी बसका चौकोन, वर गोल डोकं. अंगाचा आकार हा असा हातात येतो, डोळे मोठे करून येत नाही.

पुण्या-मुंबईत कानिफनाथ आणि नवनाथ नावाच्या रसवंती जागोजाग दिसतात. त्यांतले कितीतरी मालक मूळचे पुरंदर तालुक्यातले, आणि बोपगावजवळच्या डोंगरावर कानिफनाथांचं देऊळ आहे. जेजुरीही त्याच तालुक्यात. त्यामुळे गोदाकाकूंच्या कपाळावर भंडाऱ्याचा पिवळा मळवट असणं स्वाभाविक. तोच भंडारा गाडीच्या हेडलाइटवरही लावायचा. पात्र आणि वाहन एकाच घरचं आहे हे सांगायला एवढी खूण पुरते. दहा खुणा लावल्या की एकही दिसत नाही.

नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावरून मागे जातो आणि उजव्या कमरेवरून पुढे आणून खोचतात. आपण उजवी बाजू बघतो आहोत, म्हणजे खोचलेला पदर पूर्ण दिसणार. ही दिशा ठरवून घेतल्याची आणखी एक सोय. पदर डावीकडे खोचलेला काढलात तर साडी नेसणारी कुठलीही बाई लगेच चूक दाखवेल.

आता पहिली पायरी: अंगठ्याएवढ्या काळ्या आकृत्या. जाड मार्करने, आतली एकही रेघ न काढता, निदान वीस. प्रत्येक आकृती बैठकीतलीच, उभी नाही. मग त्या भिंतीवर लावून चार पावलं मागे जा. अंबाडा, कोपर, हँडल आणि उसाची मोळी वेगवेगळी ओळखू आली पाहिजेत. सगळ्यांत जास्त फसतं ते कोपर: हात छातीसमोर आला की काळ्या आकृतीत गायब होतो. कोपर बाहेर काढा, हात आणि धड यांच्यामध्ये उजेडाची फट ठेवा.

गटाने डोक्यांचं प्रमाणही, म्हणजे पात्राची उंची त्याच्या किती डोक्यांएवढी ते, ठरवलेलं असावं. प्रौढ पात्र चार ते पाच डोकी हे विद्यार्थ्यांच्या कामाला चांगलं पडतं. गोदाकाकू 1480 पिक्सेल उंच, चार डोकी, म्हणजे डोकं 370. उरलेल्या 1110 मध्ये धड 460 आणि पाय 650.

बैठक

इथे जरा थांबू, कारण जवळजवळ सगळ्यांची गाडी इथेच अडते.

विद्यार्थी खऱ्या रिक्षाची मापं शोधून आणतो. चांगली गोष्ट आहे. लांबी साधारण 2.6 मीटर, रुंदी 1.3, उंची 1.7, पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर 2 मीटर, टायर 4.00-8, म्हणजे रिम आठ इंची आणि चाकाचा व्यास साधारण 40 सेंटिमीटर. या मापाने रिक्षा नेटकी काढली, त्यात चार डोक्यांचं पात्र ठेवलं, आणि हात हँडलपर्यंत पोचत नाही, पाय अधांतरी. का? साडेसात डोक्यांच्या खऱ्या माणसात डोक्याखालचं शरीर एकूण उंचीच्या साधारण 87 टक्के असतं. चार डोक्यांच्या पात्रात 75 टक्के. म्हणजे हात, पाय, धड सगळं जवळपास सातव्या हिश्शाने आखूड झालं, आणि गाडी मात्र खऱ्या माणसासाठीच राहिली. मग विद्यार्थी हात ताणतो. ताणलेला हात लगेच कळतो.

म्हणून उलट जा. कोऱ्या कागदावर फक्त बसलेला सांगाडा काढा. बुड, पाठ, दोन्ही तळहात, दोन्ही तळपाय जिथे टेकतात तिथे लाल ठिपके द्या. हे ठिपके म्हणजे गाडीचे पहिले भाग.

गोदाकाकूंची बैठक जमिनीपासून 550 वर. बैठकीपासून टाळूपर्यंत धड आणि डोकं मिळून 830, म्हणजे टाळू 1380 वर. छताची आतली बाजू निदान 1550 वर हवी, नाहीतर अंबाडा घासतो. मांडी 320, गुडघ्यापासून तळपायापर्यंत 330. पाय थोडा पुढे तिरका असतो, म्हणून पाय ठेवायची पत्र्याची फळी जमिनीपासून 250 वर. हाताची लांबी खांद्यापासून मुठीपर्यंत साधारण 490. कोपर किंचित वाकलं की मूठ खांद्यापासून 430 वर येते. हँडलची मूठ तिथे. आता या ठिपक्यांभोवती गाडी बांधा.

गाडी आखडेल, आणि ती आखडलीच पाहिजे. लांबी 2600 ची 2200 करा, आसांमधलं अंतर 2000 चं 1600. रुंदी 1300 ची 1200. उंची 1700 तशीच. चाक मात्र 400 वरून 560 वर न्या. मोठं डोकं आणि मोठी चाकं एकमेकांना तोलतात. चाकं खऱ्या मापाची ठेवली तर गाडी वरून जड आणि खाली कमजोर दिसते.

चरक

गाडीचं यंत्र खरोखर चाललं पाहिजे असं माझं म्हणणं नाही, पण ते चालेल असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे. त्यासाठी जोर कुठून येतो, कुठे जातो आणि शेवटी काय बाहेर पडतं, एवढ्या तीन गोष्टी चित्रात सापडल्या पाहिजेत.

आमच्या गाडीत मागच्या आसावरून साखळी वर चरकाला जाते. गाडी चालते म्हणून चरक फिरतो, चरक फिरतो म्हणून त्याच्या मोठ्या चाकाला बांधलेले घुंगरू वाजतात. (हे घुंगरू बैलांचे. चरक लाकडी होता आणि बैल तो ओढायचे तेव्हापासूनचे. मोटर आली तरी रसवंतीवाल्यांनी ते सोडले नाहीत. ते काढायला विसरू नका, रसवंतीचा आवाजच तो आहे.) आसावर लहान दातेरी चाक 150 चं, चरकावर 450 चं. गाडीच्या चाकाचे तीन फेरे झाले की चरकाचा एक. 560 व्यासाच्या चाकाने हे अंतर साधारण सव्वापाच मीटर होतं, म्हणजे चरक संथ फिरतो. खराही संथच फिरतो.

चरकात तीन लाटा, म्हणजे ऊस दाबणारे रूळ, असतात: एक वर, दोन खाली. वरच्या लाटेचं दातेरी चाक खालच्या दोघांनाही भिडतं, पण खालची दोन एकमेकांना भिडत नाहीत. चित्रात हमखास तिन्ही एकमेकांना चिकटवलेली असतात. ती फिरूच शकत नाहीत. भिडलेली दोन चाकं विरुद्ध दिशांना फिरतात, आणि तिघांचं कडं झालं की तिसऱ्याला एकाच वेळी दोन दिशांना फिरावं लागतं. यंत्राशी रोज काम करणारा माणूस प्रदर्शनात आला तर त्याचं लक्ष आधी तिथेच जातं. खालच्या दोन चाकांमध्ये 20-25 पिक्सेलची फट ठेवा, झालं.

आता दिशा. गाडी उजवीकडे चालली आहे, म्हणून चाकं घड्याळाच्या काट्यांसारखी फिरतात. साखळी दिशा बदलत नाही, त्यामुळे वरची लाटही तशीच फिरते, खालच्या दोन्ही उलट. वरच्या लाटेचा खालचा पृष्ठभाग डावीकडे सरकतो, खालच्या लाटांचा वरचा पृष्ठभागही डावीकडे. म्हणजे ऊस उजवीकडून आत जाणार आणि चिपाड डावीकडे, गाडीच्या मागे पडणार. एवढ्याने मांडणी ठरून जाते: उसाची मोळी गोदाकाकूंच्या पाठीमागे आणि चरकाच्या पुढे, पातेलं चरकाच्या बरोबर खाली, चिपाडाची टोपली मागच्या टोकाला. मोळी मागे बांधली असती तर दिसायला छान, पण ऊस चरकात जाणार कसा?

चरकाचं मोठं चाक आपल्या बाजूला, 700 व्यासाचं, सहा आऱ्यांचं. मागचा पाटा जमिनीपासून 650 वर. पातेल्यावर गाळणी, तिच्यावर ओलं फडकं, शेजारी बर्फाची पेटी आणि ग्लास उपडे मांडलेली फळी. फळीला पुढे एक बोटभर काठ द्या, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात ग्लास खाली.

गोदाकाकू एकाच वेळी गाडी चालवतात, ऊस घालतात, ग्लास देतात असं काढायचा मोह होतो. एकच क्रिया ठेवा. उजवा हात हँडलवर, डावा मागे मोळीवर, मान अर्धी आपल्याकडे वळलेली. बाकी काम यंत्र करतं.

चाकं जमिनीवर बसवणं

तीनचाकी ऑब्लिकमध्ये काढताना एक चूक इतकी सर्रास होते की ती वेगळी सांगायला हवी: पुढचं चाक मागच्या चाकाच्याच रेषेत टेकवलेलं असतं. पुढचं चाक गाडीच्या मधोमध असतं. रुंदी 1200, तिची मध्यरेषा 600 आत, निम्मं केलं की 300. ते 30 अंशांत नेलं की 260 उजवीकडे आणि 150 वर. टायरच्या जाडीचा थोडा भाग वजा करून चाकाची दिसणारी बाजू साधारण 240 उजवीकडे आणि 140 वर सरकते. मागचं पलीकडचं चाक साधारण 470 उजवीकडे, 270 वर. हे न केल्यास गाडी आपल्याकडे कलंडल्यासारखी दिसते आणि काय चुकलंय ते कळत नाही. हँडल आणि गोदाकाकूही मध्यरेषेवर आहेत, त्यांनाही 260 आणि 150 सरकवा. सांगाडा आणि ठिपके एका लेअरवर असले तर हे एका झटक्यात होतं.

लंबवर्तुळापासून पूर्ण सुटका नाही. हेडलाइट गाडीच्या तोंडावर आहे, तो चौकट तिरकी करूनच काढावा लागतो: आधी समांतरभुज चौकोन, त्याच्या चारही बाजूंचे मध्य काढा, त्या चार बिंदूंना हलकेच स्पर्श करणारा वक्र. पातेल्याचं तोंडही तसंच. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्रात बादली-तांब्याची तोंडं ज्यांनी घोटली आहेत त्यांना हे जड जाणार नाही. मात्र तिथली सवय इथे एका ठिकाणी नडते: वस्तुचित्रात लंबवर्तुळ आडवं सरळ असतं, ऑब्लिकमध्ये ते उजवीकडे झुकतं. सरळ काढलं तर पातेलं गाडीवर टेकत नाही.

पाटीवरची अक्षरंही याच नियमाने. आपल्याकडच्या बाजूवर अक्षर सरळ. तोंडावरच्या पाटीला शिरोरेषा 30 अंश वर, उभे दांडे उभेच, रुंदी निम्मी. अक्षरं हाताने रंगवा. रसवंतीची पाटी फाँटमध्ये निर्जीव होते. फाँट वापरलाच तर फाइल देण्यापूर्वी अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून टाका, कारण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसतो आणि वेलांट्या भलतीकडे जातात.

रेषा, रंग, जोड

रेषा तीनच जाडीच्या: बाहेरची 10 पिक्सेल, भागांमधली 6, आतला तपशील 3. छापल्यावर त्या साधारण 0.85, 0.5 आणि 0.25 मिलिमीटर होतात. कोणी लहान कॅनव्हासवर काढून नंतर मोठं केलं की त्याच्याच रेषा जाड आणि पुसट दिसतात, म्हणून कॅनव्हास पहिल्या दिवसापासून पूर्ण मापाचा. कागदावर काम करणाऱ्यांनी शाई पक्की सुकवून 600 डीपीआयला स्कॅन करावं. स्कॅनर ए-फोरचा असेल तर दोन भागांत, मध्ये निदान तीन सेंटिमीटर सामाईक ठेवून.

रंगांची 24 छटांची एकच पेटी सगळ्यांना द्या आणि प्रत्येकाने त्यातून चार मुख्य आणि एक ठिणगीचा, म्हणजे थोडाच पण उठून दिसणारा, रंग घ्यावा. इथे उसाचा हिरवा, लोखंडाचा करडा, लाकडाचा तपकिरी, साडीचा डाळिंबी; ठिणगी भंडाऱ्याची. साडी हिरवी नको, मोळीत हरवते. मग चित्र पूर्ण करडं करून बघा. डोकं आणि त्यामागची मोळी एकाच उजळपणाची निघाली तर रंग कितीही वेगळे असोत, लांबून एकच डाग दिसतो. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा छपाईत मळकट होतो, म्हणून एक कागद आधी छापून घ्या आणि मगच पेटी पक्की करा.

चित्रांमधला जोड हा या उपक्रमाचा खरा आनंद आहे, आणि तो शेवटच्या दिवसावर टाकला जातो. प्रत्येकाने पुढच्याच्या किंवा मागच्याच्या चौकटीत एक वस्तू घालायची, जास्तीत जास्त 300 पिक्सेल आत, वेगळ्या लेअरवर. आमच्या गाडीच्या मागे चिपाड पडतं. मागचं वाहन शेळ्या नेणारा टेम्पो असेल तर पुढच्या शेळीच्या तोंडात त्याचं टोक द्या. ज्या उंचीवर वस्तू कड ओलांडते ती दोघांनी लिहून घ्यायची: इथे जमिनीपासून 700. लिहिलं नाही की एकाचं टोक 700 वर आणि दुसऱ्याचं 760 वर, आणि चिपाड कडेवर मोडतं.

हे सगळं तपासण्यासाठी रंगाआधी एक ठोकळ्यांची फेरी घ्या. प्रत्येकाने फक्त तीन करड्या छटांमध्ये गाडी आणि पात्र भरून द्यायचं, एकाने पट्टी जोडायची, सगळ्यांनी एकत्र बघायचं. तीन आठवड्यांचं काम असेल तर पहिला आठवडा इथे संपला पाहिजे.

फाइल देताना पार्श्वभूमी पारदर्शक, पीएनजी. जेपीजीत पारदर्शकता राहत नाही, पांढरा चौकोन येतो. नाव द्यायची पद्धत क्रमांकाने: 07_रसवंती अशी, म्हणजे क्रम आपोआप लागतो. जोडणाऱ्याने एक आकडा लक्षात ठेवावा. वीस चित्रं पूर्ण मापाने जोडली की रुंदी 99,220 पिक्सेल होते. जेपीजी एका बाजूला 65,535 च्या पुढे जात नाही, पीएसडी (फोटोशॉपची फाइल) 30,000 च्या. पाच-पाच चित्रांचे चार तुकडे करा. एक तुकडा 24,805 पिक्सेल, तो पीएसडीत बसतो. तुकड्याची कड जिथे येईल तिथे एखादी वस्तू कडेवर असेल तर दोन्ही तुकड्यांत ती पूर्ण ठेवा आणि छापल्यावर कापा.

लावताना भिंतीच्या कडेवर किंवा फरशीवर भरवसा ठेवू नका, साडेआठ मीटरमध्ये त्या सहज दोन-तीन सेंटिमीटर खाली-वर असतात. पाण्याच्या लेव्हलने दोन टोकं खुणवा, मध्ये दोरा ताणा आणि कागदाची कड नाही, जमिनीची रेषा दोऱ्याला लावत जा. कागद कापताना एखादा मिलिमीटर कमी-जास्त झालेला असतो. रेषा जुळली की तो दिसत नाही. दोऱ्याची उंची फरशीपासून सव्वा मीटर, म्हणजे लहान मुलांना चाकं आणि मोठ्यांना चेहरे समोर येतात.